कर्ता निवर्तल्यावर पेढीची व्यवस्था

पेठेतील एखाद्या पेढीचा मालक निवर्तला म्हणजे आजूबाजूची दुकाने त्या दिवशी अर्ध्या फळ्या लावतात, हमाल हातगाड्या बाजूस उभ्या करतात, आणि ज्यांचा त्याच्याशी भावावरून नित्य वाद होत असे तेही स्मशानापर्यंत चालत जातात. आपल्या बाजाराची ही जुनी रीत अजून टिकून आहे याचे आम्हांस समाधान वाटते. परंतु सुतक सरून ती फळी पुन्हा उघडते तेव्हा गादीवर कोणी बसावयाचे, बिल कोणाच्या नावाने फाडावयाचे आणि गल्ल्यात पडलेला रुपया कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे रीतीत सापडत नाहीत. ती कायद्यात व कीर्दीत शोधावी लागतात. आणि घरात रडारड चालू असता ती शोधण्याचे भान कोणास राहत नाही. यंदाच्या स्मरणिकेत हा विषय घेतला तो एवढ्याचसाठी. विषय अमंगळ आहे असे ज्यांस वाटेल त्यांनी पाने उलटावीत, पण अंक टाकून देऊ नये, अशी विनंती आहे.

सुमारे पाच वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आमचे एक जुने स्नेही, धान्य व गुळाचे व्यापारी, अल्पशा आजाराने गेले. दुकानाचे काम थोरला मुलगा गेली दहा वर्षे पाहतच होता. वडिलांनी त्यास मुखत्यारपत्र करून दिले होते, बँकेचे व्यवहार त्याच्याच मोबाईलवर होते, आणि वडिलांनी सह्या करून ठेवलेले धनादेशांचे एक पुस्तकही कपाटात होते. सुतक फिटताच त्याने दुकान उघडले व पूर्ववत धंदा चालू केला. बिले वडिलांच्या नावाची, कर वडिलांच्या क्रमांकाने, धनादेश वडिलांच्या सहीचे. आठ महिने कोणास काही खटकले नाही. मग त्याची विवाहित बहीण आपल्या नावे नामनिर्देशन असलेली एक ठेव घेण्यास मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत गेली, आणि त्या दिवशी बँकेस कळले की खातेदार हयात नाही. चालू खाते तत्काळ गोठले. पुढच्या आठवड्यात अकरा धनादेश न वटता परत आले. त्यांत एक आमचाही होता.

मुलाच्या मनात कपट नव्हते हे आम्ही शपथेवर सांगू. परंतु ज्या गृहस्थाचा कागद उभ्या हयातीत कधी परत गेला नाही, त्याच्या नावाचे अकरा धनादेश त्याच्या मरणानंतर परत आले, ही गोष्ट पेठेत पंधरा दिवस चघळली गेली. बहिणीने मुद्दाम कागाळी केली असा घरात समज झाला तो वेगळाच. तिने तर केवळ नियमाप्रमाणे दाखला दाखविला होता.

हे घडले याचे कारण एकच. एकट्याच्या मालकीची पेढी मालकाबरोबरच संपते, ही गोष्ट आपण व्यापारी लोक मनोमन मानीतच नाही. पाटी तीच, गादी तीच, गिऱ्हाईक तेच. म्हणून पेढीही तीच असे आपणांस वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो मनुष्य आणि त्याची पेढी ही दोन नव्हेतच. तो गेला त्या दिवशी एक हिशेब मिटला आणि दुसरा सुरू झाला. त्या दोहोंमध्ये जो रेघ ओढील त्याचे पुढचे निम्मे काम झाले. जो ती ओढणार नाही त्याचे प्रत्येक काम दुप्पट होईल.

आता क्रमाने पाहू. पहिल्या काही तासांविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. शेजारीपाजारी आणि समाजातील मंडळी ते सांभाळून नेतात. मृत्यू घरी झाला असेल तर ज्या डॉक्टरांचे उपचार चालू होते त्यांच्याकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा, आणि अपघात किंवा संशयास्पद प्रकार असेल तर पोलिसांस कळविल्यावाचून देह हलवू नये. नेत्रदानाची इच्छा असेल तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीस कळवावे लागते. तेव्हा परगावच्या नातलगांची वाट पाहण्यात तो वेळ जाऊ देऊ नये. स्मशानातील पावती जपून ठेवावी.

मृत्यूची नोंद हा पहिला कागद. 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्याखाली ती 21 दिवसांत व्हावयास हवी. रुग्णालयात मृत्यू झाला तर कळविण्याचे काम रुग्णालयाचे. घरी झाला तर घरातील प्रमुखाचे. येथे आमच्या सीमाभागातील मंडळींची एक नेहमीची चूक सांगणे भाग आहे. नोंद होते ती मृत्यू जेथे घडला त्या गावी, मृताच्या राहत्या गावी नव्हे. आमच्यापैकी पुष्कळांचे आजारपण मिरज, कोल्हापूर किंवा पुणे येथे जाते. म्हणजे निपाणीच्या गृहस्थाचा दाखला महाराष्ट्रातील नगरपालिकेकडून घ्यावा लागतो, आणि घरची माणसे महिनाभर निपाणीच्या कचेरीत चौकशी करीत बसतात. 21 दिवस उलटून 30 दिवसांच्या आत गेल्यास विलंबशुल्कावर काम भागते; त्यापुढे वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते; वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा हुकूम. 1 ऑक्टोबर 2023 पासून सुधारलेला कायदा अमलात आला असून दाखला आता संगणकीय रूपातही मिळतो. तरीही दहा-बारा छापील प्रती काढून ठेवाव्यात असे आमचे मत आहे. कचेऱ्या कागद मागतात आणि परत देत नाहीत.

दाखल्यातील नाव हा स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे माणसास घरी एक नाव, पेठेत दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे असते. पेठ ज्यांना उभा जन्म अप्पासाहेब म्हणून ओळखते त्यांचे कागदोपत्री नाव आदिनाथ निघते, आणि आडनाव कोठे शहा तर कोठे शाह. मृत्यूची माहिती लिहून देणारा माणूस बहुधा गडबडीत असलेला पुतण्या असतो. तो तोंडाला येईल ते नाव लिहून देतो. आधारपत्र, पॅन आणि बँकेचे पुस्तक ही तिन्ही समोर ठेवून नाव लिहून द्यावे. एका अक्षराची दुरुस्ती करून घेण्यास चार खेपा पडतात हे आम्ही स्वतः अनुभवले आहे.

आता ती रेघ. दुकान उघडण्यापूर्वी, शक्य तर सुतकातच, घरातील दोन जाणती माणसे, दिवाणजी आणि एखादा विश्वासू बाहेरचा व्यापारी यांनी दुकानात बसावे. मृत्यूच्या तारखेपर्यंतची कीर्द पुरी करावी, गल्ल्यातील रोकड मोजावी, वखारीतील मालाची पोती मोजून यादी करावी, बँकेतील शिल्लक लिहावी, येणे व देणे यांची नावनिशीवार याद्या काढाव्यात आणि खाली सर्वांनी सह्या कराव्यात. हिशेब संगणकावर असेल तर त्या दिवसाचा ताळा छापून घ्यावा. हे काम दोन दिवसांचे आहे. परंतु आयकर, वस्तू व सेवा कर, भागीदाराचा हिशेब आणि भावंडांची वाटणी या चारही ठिकाणी पहिला प्रश्न हाच येतो की, त्या दिवशी काय होते? ज्यांच्याजवळ सह्यांचा कागद असतो त्यांचे भांडण निम्म्याने कमी होते.

बँकेस आपण होऊन कळवावे. लपविण्यात काही लाभ नाही, आणि कोणी तरी केव्हा तरी सांगतेच. खातेदार गेल्याचे कळले की त्याच्या सहीचे धनादेश वटत नाहीत. म्हणून बँकेत जाण्यापूर्वी कोणाकोणास धनादेश दिलेले आहेत ती यादी काढून त्या व्यापाऱ्यांस दूरध्वनी करावा, सांगावे की वडील गेले, हे धनादेश भरू नयेत, तुमची रक्कम आम्ही हिशेब लागताच देऊ. आमच्या अनुभवात या दूरध्वनीस वाईट उत्तर देणारा व्यापारी क्वचित् भेटतो. सहीचे कोरे धनादेश असतील ते फाडावेत. मुखत्यारपत्र दाखवून सही करणे हेही व्यर्थ आहे, कारण ते लिहून देणारा गेला की मुखत्यारी संपते. 1872 च्या करार कायद्यातच तसे म्हटलेले आहे. आणि आजकाल प्रत्येक गल्ल्यापुढे चिकटविलेला तो क्यूआर कोडचा चौकोन विसरू नये. गिऱ्हाईक सवयीने मोबाईल पुढे धरते आणि रोजची विक्री मृताच्या खात्यात जाऊन अडकते. तो कागद पहिल्याच दिवशी काढून टाकावा. मृताचे मोबाईलचे सिमकार्ड मात्र लगेच बंद करू नये. अनेक संदेश व सूचना त्यावर येत राहतात. पण त्या क्रमांकाच्या आधारे खात्यातून पैसे काढू नयेत, मग ते औषधांच्या बिलासाठी का असेनात. इतर वारसांपैकी एकाने जरी हरकत घेतली तरी चांगुलपणाने काढलेला पैसा चोरीसारखा दिसू लागतो.

नामनिर्देशन असेल तर ठेवीचे पैसे मिळण्यास फार अडचण पडत नाही. नसेल तर पूर्वी लोकांस न्यायालयातून वारसा दाखला आणण्यास सांगत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये काढलेल्या निर्देशांनी ही वाट पुष्कळ सोपी केली आहे: वाद नसेल व मृत्युपत्र नसेल तर व्यापारी बँकांत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत 5 लाखांपर्यंतची रक्कम हमीपत्रावर द्यावयाची, आणि सर्व कागद पोचल्यापासून 15 दिवसांत दावा निकालात काढावयाचा. आपली बहुतेक खाती सहकारी बँकांत असल्याने हा 5 लाखांचा आकडा ध्यानी ठेवावा. हयात सभासदांसाठी एवढेच की 1 नोव्हेंबर 2025 पासून एका ठेवखात्यास चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते व प्रत्येकाचा हिस्साही लिहिता येतो.

करांपैकी वस्तू व सेवा कराची गोष्ट व्यापाऱ्यास सर्वांत निकडीची. नोंदणीचा क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि त्यातील मधली 10 अक्षरे म्हणजे मालकाचा पॅन क्रमांक. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की तो क्रमांक मुलास वारशाने का मिळत नाही हे निराळे सांगावे लागत नाही. मुलाने किंवा पत्नीने धंदा पुढे चालवावयाचा असेल तर आपल्या पॅनवर 30 दिवसांच्या आत नव्या नोंदणीचा अर्ज करावा. मृताच्या खात्यावर शिल्लक असलेली कराची वजावट नव्या नोंदणीकडे वळविता येते; त्यासाठी आयटीसी-02 या नावाचा नमुना आहे आणि 28 मार्च 2019 च्या परिपत्रकात मालकाच्या मृत्यूचा प्रसंग स्पष्टपणे धरलेला आहे. ती वजावट वळवून झाल्यावर मगच जुनी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज द्यावा. घाईने नोंदणी आधी रद्द करून बसलेले एक कुटुंब आम्हांस ठाऊक आहे. वखारभर मालावर भरलेल्या कराची वजावट त्यांच्या हाती लागण्यास वर्ष गेले. धंदा पुढे चालविणाऱ्यावर जुना थकलेला करही येतो, याची जाणीव ठेवून गादीवर बसावे. धंदा बंद केला तर वारसांची जबाबदारी मृताच्या मालमत्तेपुरतीच.

धान्य, गूळ, तेल, मसाले यांचा व्यापार करणाऱ्यांस अन्न सुरक्षेचा परवाना असतोच. परवानाधारक गेल्यावर तो वारसांच्या सोयीसाठी 90 दिवस चालतो. त्या अवधीत आपल्या नावे अर्ज करावा लागतो. बाजार समितीचा परवाना, नगरपालिकेचा धंद्याचा परवाना, वीजजोडणी व गाळ्याचा भाडेकरार यांची नावेही बदलून घ्यावीत. दुकानाचे नाव मात्र तेच ठेवण्यास कोणाची हरकत नाही.

आयकराचे विवरण मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचे, मृताच्याच पॅनवर, एका वारसाने प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवून भरावयाचे असते. येथेही कराची जबाबदारी मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच असते. मुलाच्या स्वकमाईवर ती येत नाही. त्या तारखेनंतरचा नफा निराळा. रेघ ओढली नसेल तर हा नफा वेगळा काढताना हिशेबतपासनीस डोक्यास हात लावून बसतो.

पेढी एकत्र कुटुंबाची असेल तर गोष्ट बरीच सोपी. कुटुंब संपत नाही, कर्ता बदलतो. पॅन तोच राहतो, बँकेस व करखात्यास नव्या कर्त्याचे नाव कळविले म्हणजे झाले. परंतु वहीवर कुटुंबाचे नाव आणि करखात्यात वडिलांचे एकट्याचे, असा घोटाळा पुष्कळ पेढ्यांत आहे. तो हयातीतच निस्तरावा.

भागीदारीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्याकडे येणारे निम्मे तंटे यातलेच असतात. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, करारात निराळे ठरलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी मोडते. भागीदार दोघेच असतील तर करारात काहीही लिहिले असो, ती मोडतेच; एकटा मनुष्य भागीदारी कोणाशी करणार? सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली हे निःसंदिग्ध केले आहे. दोन मित्रांनी हातात हात घालून चालविलेल्या पेढीत एक गेला की दुसरा म्हणतो, वहिनींनी काळजी करू नये, त्यांचा हिस्सा सुरक्षित आहे. आणि खरोखर तसे त्याच्या मनातही असते. पण हिशेब पुरा करून दिला जात नाही. वर्ष जाते, दोन वर्षे जातात, मृताचे भांडवल पेढीत फिरत राहते आणि दर महिन्यास वहिनींस घरखर्चापुरते काही पाठविले जाते. त्याचा उल्लेख पुढेपुढे उपकार म्हणून होऊ लागतो. तो उपकार नव्हे. हिशेब न मिटविता मृताचे भांडवल धंद्यात वापरले तर त्या भांडवलावर आलेला नफा किंवा दरसाल शेकडा 6 प्रमाणे व्याज, यांपैकी जे वारसांस पसंत पडेल ते मागण्याचा त्यांस हक्क आहे. कायद्याच्या 37 व्या कलमात तसे लिहिलेले आहे. सभासदांच्या पत्नींनी हा आकडा पाठ करून ठेवावा, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो. उलट बाजूने, मृत्यूनंतर पेढीने केलेल्या देण्याची जबाबदारी मृताच्या मालमत्तेवर पडत नाही.

वारस कोण, हा प्रश्न आता घेतला पाहिजे. मृत्युपत्र नसेल तर 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांसही लागू आहे. पुरुष निवर्तल्यास त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर तीही, या सर्वांचा वाटा सारखा. आई बहुधा विसरली जाते. कर्त्या मुलाच्या दुःखाने कोपऱ्यात बसलेल्या त्या वृद्धेचाही एक हिस्सा आहे हे कोणाच्या ध्यानी येत नाही, आणि पुढे ती गेली म्हणजे तिच्या इतर मुलामुलींचा हक्क त्या हिश्श्यावर येऊन नवीनच गुंता होतो. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही 2005 च्या सुधारणेने तिला मुलाइतकाच हक्क दिला, आणि वडील 2005 पूर्वी वारले असले तरी तो हक्क जात नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितले.

नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. बँकेने किंवा कंपनीने पैसे कोणाच्या हाती द्यावेत एवढेच त्या नावाने ठरते. घेणाऱ्याने ते सर्व वारसांसाठी विश्वस्त म्हणून घ्यावयाचे असतात. शेअरांच्या बाबतीतही हेच खरे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय डिसेंबर 2023 मध्ये झाला. आयुर्विम्यात मात्र 2015 पासून फरक पडला आहे: आईवडील, पतिपत्नी किंवा मुले यांचे नाव दिलेले असेल तर ती रक्कम त्यांची स्वतःची होते. वर सांगितलेल्या आमच्या स्नेह्यांच्या घरी बहिणीस ठेव मिळाली ती अशीच, सर्वांसाठी. पण हे तिलाही ठाऊक नव्हते आणि भावांसही नव्हते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कोणास राग आला तरी चालेल. दहाव्या-बाराव्या दिवशी बहिणी माहेरी जमलेल्या असतात, पुन्हा सर्व एकत्र येतील न येतील, म्हणून त्याच वेळी हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेण्याची चाल आपल्यात आहे. डोळ्यांतले पाणी खळलेले नसताना घेतलेली सही कायद्याने टिकेलही. पण वीस वर्षांनी भाच्यांच्या तोंडून तिचा उल्लेख ऐकावा लागतो. बहिणीस वाटा सोडावयाचा असेल तर तिने येणे-देण्याच्या याद्या पाहाव्यात, घरी जाऊन विचार करावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी नोंदणी कचेरीत येऊन सही करावी. स्थावरावरील हक्क सोडल्याचा कागद नोंदविल्याशिवाय चालतही नाही.

जमीन, घर, गाळा यांवर वारसांची नावे लावून घ्यावी लागतात. त्याला महाराष्ट्रात वारस फेरफार, आमच्या कर्नाटकात पौती खाते, इंदूर-ग्वाल्हेरकडे नामांतरण, बडोद्यास वारसाई आणि हैदराबादेस विरासत म्हणतात; नाव कोणतेही असो, प्रथम वंशावळ मागतात. आमच्या जिल्ह्यात तो दाखला नाडकचेरीतून मिळतो. वंशावळीत मुलींची नावे गाळण्याचा मोह होतो. तसे करणे म्हणजे खोटे प्रतिज्ञापत्र करणे होय.

म्हापसा, मडगाव, पणजी येथे स्थायिक झालेल्या सभासदांनी मात्र वरील हिशेब धरून चालू नये. गोव्याच्या रहिवाशांस वारशाच्या बाबतीत पोर्तुगीज दिवाणी कायद्याची परंपरा लागू आहे व 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्याने ती पुढे चालविली आहे. तेथे सामान्यतः पतिपत्नींची मालमत्ता सामाईक समजली जाते. एक गेल्यास अर्धी मालमत्ता मुळातच दुसऱ्याची असते व उरलेल्या अर्ध्याचाच वारसा उघडतो. मुले असता त्या अर्ध्याचीही अर्धीच रक्कम मृत्युपत्राने मनास येईल तशी देता येते. वाद नसेल तर वारसांचा दस्त खास नोटरीपुढे होतो, वाटणी करावयाची तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीचे काम चालते. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरविले की, गोवेकराची गोव्याबाहेरील मिळकतही याच कायद्याने वाटली जाईल. बेळगावात वखार आणि म्हापशात बिऱ्हाड असलेल्यांनी वकिलास हे आधीच विचारून ठेवावे.

येणे-देणे राहिले. उधारी वसुलीची मुदत सामान्यतः तीन वर्षांची. मालक गेला म्हणून चालू झालेली मुदत थांबत नाही. तेव्हा येण्याच्या यादीतील जुन्या नावांकडून बाकीची लेखी कबुली मुदत संपण्यापूर्वी घ्यावी. आपण होऊन देणारा देईल. पण न्यायालयातून वसूल करावयाचे तर वारसा दाखल्यावाचून हुकूमनामा होत नाही. देण्याच्या बाबतीत कायदा म्हणतो की वडिलांच्या मालमत्तेपुरतेच द्या. आपल्या पेठेत यापुढे जाऊन देणारे लोक झाले व आजही आहेत. ते त्यांचे थोरपण. परंतु विधवा आईचे स्त्रीधन मोडून किंवा बहिणीचा वाटा न विचारता खर्ची घालून वडिलांची कीर्ती राखणे आम्हांस मान्य नाही. हीच गोष्ट दानाची. अंतसमयी मंदिरास, पाठशाळेस किंवा गोशाळेस जी रक्कम बोलली गेली ती वहीत देणे म्हणून त्याच दिवशी लिहावी. पण शोकसभेत उठून भावनेच्या भरात आकडा वाढवू नये, कारण त्या दिवशी ती मालमत्ता एकट्या बोलणाऱ्याची नसते.

हे सारे ज्या घरी सुरळीत झाले त्या घरी आम्हांस बहुधा एक वही आढळली. आपल्या श्रावकाचारात परिग्रहपरिमाणाचे व्रत सांगितले आहे. शेत, घर, सोने, चांदी, धन, धान्य यांची मर्यादा गृहस्थाने स्वतःच घालून घ्यावयाची. आणि मर्यादा घालावयाची तर प्रथम काय आहे याची नोंद करावी लागते. काही जुनी माणसे दिवाळीच्या वहीपूजनानंतर नव्या वहीच्या शेवटच्या पानावर ही नोंद करीत. त्याच पानावर बँकांची खाती, लॉकरची किल्ली, विम्याचे कागद, नामनिर्देशने, हातउसने आणि कोठे जामीन राहिलो ते लिहिता येते. जामीनकीचा विसर पडू देऊ नये. ती माणूस गेल्यावरच उघडकीस येते. असे पान भरून ते पत्नीस दाखविण्यास अर्धा दिवस लागतो. आमच्यापैकी किती जण पत्नीस हे दाखवितात, हा प्रश्न आम्ही आमच्या कार्यकारिणीच्या बैठकीत विचारला, तेव्हा चहा येईपर्यंत कोणी बोलले नाही.

आमच्या त्या स्नेह्यांच्या घरचे काम अखेर दीड वर्षाने मिटले. दोन्ही भाऊ, बहीण आणि आई अशी चौघे एका रविवारी आमच्या कचेरीत बसली. आठ महिन्यांची बिले, भरलेला कर, काढलेले पैसे हे सर्व दिवाणजींनी वेगळे लावून दिले. बहिणीने ठेवीचा हिशेब मांडला. आईने प्रथमच सांगितले की दुकानाच्या गाळ्यातील निम्मे पैसे तिच्या माहेरचे होते. नवी नोंदणी थोरल्याच्या नावे झाली आणि तिघांच्या हिश्श्याची रक्कम त्याने चार हप्त्यांत देण्याचे लिहून दिले. अकरा व्यापाऱ्यांचे पैसे त्याने स्वतः घरोघर जाऊन रोखीने व ड्राफ्टने दिले, आणि प्रत्येकाकडून जुना धनादेश परत घेतला. आमचाही आम्ही दिला. पाटीवर नाव अजून वडिलांचेच आहे.